खिडकीच्या जागेपासून सातबाऱ्यापर्यंत

एसटीत खिडकीची जागा कुणाची, यावरून स्वारगेटपासून भांडत निघालेली दोन मुलं डोळ्यांसमोर आणा. थोरला म्हणतो, मी आधी बसलो. धाकटी म्हणते, मागच्या खेपेलाही तूच बसला होतास. भोर मागे पडून वरंधा घाट लागेपर्यंत आईचा एकेक धपाटा दोघांनाही मिळून गेलेला असतो. हीच दोन माणसं पस्तिशीत दोन वेगळ्या शहरांत राहतात आणि एकमेकांची खबर त्यांना आईकडून कळते. पंचावन्नाव्या वर्षी वडिलांच्या जमिनीवरून त्यांचं बोलणं बंद झालेलं असू शकतं. आणि सत्तरीत, एकाचा जोडीदार गेल्यावर, रोज संध्याकाळचा त्यांचा फोन ठरलेला असतो. भाजी काय केली इथपासून बीपी किती निघाला इथपर्यंत सगळं त्यात येतं.

माणसं तीच, आईबाप तेच. मग नातं इतक्या वेळा का बदलतं?

रक्ताचं नातं तुटत नाही असं आपण म्हणतो. ते एकसारखं राहतं असं मात्र कुणी म्हटलेलं नाही. मानसशास्त्र आणि समाजशास्त्राच्या अभ्यासकांनी गेल्या पन्नासेक वर्षांत या बदलाचा माग काढला आहे. त्यांतले बरेच अभ्यास अमेरिका-युरोपातले, म्हणून ते आपल्याकडे जपून लावावे लागतात. तरी एक गोष्ट त्यांतून उघड दिसते. भावंडांचं जमतं की नाही हे नुसत्या स्वभावावर ठरत नाही. एकत्र राहणं भाग आहे का, मध्ये कोण उभं आहे आणि त्या घडीला वाटून काय घ्यायचं आहे, यावरही ते ठरतं. आणि वय वाढतं तशा या तिन्ही गोष्टी बदलत जातात.

भांडण परवडतं तिथे

लहान मुलं मित्रांपेक्षा भावंडांशी जास्त भांडतात. यात नवल काही नाही. मित्राशी फार ताणलं तर तो उद्या खेळायला येणार नाही, ही भीती असते. भाऊ कुठे जाणार? तो रात्री त्याच चादरीत पाय घालून झोपणार आहे. नातं तुटण्याची धास्तीच नसल्यामुळे भांडण परवडतं. त्यात सहवासही भरपूर असतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात सूझन मॅकहेल आणि अॅन क्राउटर यांनी मुलांच्या दिवसाचा हिशेब मांडला, तेव्हा अकराएक वर्षांच्या मुलांचा जवळजवळ एक तृतीयांश मोकळा वेळ भावंडांबरोबर जातो असं दिसलं. आईवडिलांच्या किंवा मित्रांच्या वाट्याला त्याहून कमी वेळ येत होता.

पहिलं मूल दुसऱ्याकडे कोणत्या नजरेने पाहतं, याची पायाभरणी मात्र फार आधी होते. जूडी डन आणि कॅरल केंड्रिक या ब्रिटिश संशोधकांनी केंब्रिजमधल्या 40 कुटुंबांत दुसरं बाळ जन्मायच्या आधीपासून घरी जाऊन निरीक्षणं केली. 1982 मध्ये त्यावरचं त्यांचं पुस्तक आलं. बाळ आल्यावर थोरल्याचा हट्ट वाढतो, हे कुठलीही आजी सांगेल. तसंच त्यांनाही दिसलं. पण ज्या घरांत आई थोरल्याशी बाळाबद्दल 'त्याला भूक लागली असेल का रे?', 'त्याला काय हवंय, तू सांग बघू' असं बोलत होती, तिथलं थोरलं मूल पुढच्या काळात बाळाशी जास्त मायेने वागलं. बाळालाही मन असतं, इच्छा असते, हे त्याच्या कानावर पडत गेलं, एवढाच फरक. बाकी धाकट्यांनाही बिचारं समजायचं कारण नाही. दोन वर्षांच्या आतच त्यांना थोरल्याचं लाडकं खेळणं कोणतं आणि ते नेमकं केव्हा ओढायचं हे कळलेलं असतं, असं डन यांच्याच नोंदी सांगतात.

या वयातली बरीचशी भांडणं वस्तूंवरून होतात, आणि त्यांतूनच न्याय-अन्यायाचे पहिले धडे मिळतात. अनेक घरांत आईची एक जुनी युक्ती असते: एकाने कापायचं, दुसऱ्याने आधी उचलायचं. मग नारळाची एक वडी कापायला पाच मिनिटं लागतात. कापणारा एक डोळा मिटून सुरी धरतो, मध्य शोधतो, एका बाजूला जरा जास्त गेलंय असं वाटलं तर चिमटीभर खरवडून दुसऱ्या तुकड्याला चिकटवतो. उचलणारी दोन्ही तुकडे उलटसुलट करून बघते. समान वाटणी म्हणजे काय, हे त्या दोघांना शाळेतल्या अपूर्णांकांच्या आधी कळलेलं असतं.

पण मुलांना सदासर्वदा समान वाटणीच हवी असते का? अमांडा कोवाल आणि लॉरी क्रेमर यांनी 1997 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अकरा ते तेरा वर्षांच्या मुलांना हेच विचारलं. आईवडील आम्हा भावंडांशी वेगवेगळं वागतात, असं मुलांनी सांगितलं. आणि त्यांतल्या बहुतेक वेळा त्यात अन्याय वाटत नाही, असंही सांगितलं. धाकटा आजारी असतो म्हणून आई त्याच्यापाशी बसते, ताईची दहावी आहे म्हणून तिला कामं सांगत नाहीत, हे मुलांना समजतं. कारण कळलं तर कमी-जास्त वाटणी पचते. सलते ती कारण न सांगितलेली. पुढे सातबाऱ्यापर्यंत गेल्यावर हा मुद्दा पुन्हा उपयोगी पडणार आहे.

हा हुशार, ती समजूतदार

एकाच घरात वाढलेली, एकच वरण-भात खाल्लेली भावंडं स्वभावाने इतकी वेगळी कशी? रॉबर्ट प्लोमिन आणि डेनिस डॅनियल्स यांनी 1987 मध्ये नेमका हाच प्रश्न एका गाजलेल्या शोधनिबंधाचा मथळा केला. त्यांचं उत्तर थोडक्यात असं: एक घर म्हणजे एकच परिस्थिती, हा आपला समज चुकीचा आहे. थोरला लहान असताना वडील फिरतीच्या नोकरीवर होते. धाकटीच्या वेळी ते घरी होते. एकाला आजोबा मिळाले, दुसरीला फक्त त्यांचा फोटो. शिवाय प्रत्येक भावंडाच्या परिस्थितीत दुसरं भावंड हाच मोठा भाग असतो.

त्यात मुलं स्वतःहूनही वेगळी होतात. फ्रान्सिस शाक्टर यांनी 1976 मध्ये दाखवून दिलं की पाठोपाठची भावंडं, त्यातही पहिली दोन आणि तीही दोन भाऊ किंवा दोन बहिणी असतील तर, एकमेकांपासून मुद्दाम वेगळी वाट धरतात. दादा गणितात पुढे असेल तर धाकटा तबल्याकडे वळतो. त्यामुळे तुलना टळते आणि स्पर्धेची धार बोथट होते. आईवडील मग त्यावर शिक्का मारतात: हा हुशार, ती समजूतदार, आणि शेंडेफळ म्हणजे नुसता उनाड. हे शिक्के सहज मारले जातात, पण चाळीस वर्षांनी त्यांचा हिशेब चुकता करावा लागतो.

जन्मक्रमाने स्वभाव ठरतो, थोरले जबाबदार आणि धाकटे बंडखोर, ही समजूत मात्र आता सोडून द्यायला हरकत नाही. फ्रँक सुलोवे यांच्या 1996 च्या पुस्तकाने तिला मोठी प्रसिद्धी दिली. 2015 मध्ये जर्मन संशोधकांनी अमेरिका, ब्रिटन आणि जर्मनीतल्या 20 हजारांहून अधिक लोकांची माहिती तपासली, तेव्हा जन्मक्रमाचा स्वभावावर टिकाऊ असा परिणाम आढळला नाही. बुद्धिमत्ता चाचणीत थोरल्यांच्या बाजूने अगदी थोडा फरक दिसला, इतकंच. मग आपल्या घरात ही समजूत खरी का वाटते? कारण थोरला आपल्याला कायम धाकट्यापेक्षा मोठाच दिसलेला असतो. दहा वर्षांचा मुलगा सहा वर्षांच्या मुलापेक्षा जबाबदार असणारच. त्यात जन्मक्रमाचं काही नाही, चार वर्षांचं अंतर आहे.

दादाची दादागिरी केव्हा सरते

पौगंडावस्थेत पहिला मोठा बदल होतो. ड्युएन बुर्मेस्टर आणि विंडॉल फर्मन यांनी तिसरी, सहावी, नववी आणि बारावीतल्या अमेरिकी मुलांना भावंडांविषयी विचारलं; 1990 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. वयाबरोबर थोरल्याचा अधिकार आणि धाकट्याची काळजी घेणं, दोन्ही कमी होत जातं आणि नातं बरोबरीचं होतं. त्याच वेळी भांडणंही उतरतात आणि जवळीकही थोडी ओसरते. कारण साधं आहे. मुलं घराबाहेर जास्त असतात, मनातलं सांगायला मित्रमैत्रिणी असतात, आणि आता वडीही प्रत्येकाला आपली आपण विकत घेता येते.

आपल्याकडे हे बरोबरीचं होणं इतकं सरळ होत नाही. ताई ही ताईच राहते आणि दादा साठीतही दादाच. अनेक समाजांत थोरली भावंडं धाकट्यांना अक्षरशः वाढवतात. केनियात काम केलेले मानववंशशास्त्रज्ञ थॉमस वाइझनर यांनी 1970 च्या दशकात याकडे लक्ष वेधलं होतं. आपल्याला ते परदेशी अभ्यासकाने सांगायची गरज नव्हती. 1942 मध्ये मास्टर दीनानाथ गेले तेव्हा लता मंगेशकर तेरा वर्षांच्याही नव्हत्या, आणि पाठची चार भावंडं होती. त्यांनी काम सुरू केलं ते घर चालवायला. त्याआधी साडेसहाशे वर्षं मागे गेलं तर आईवडिलांवाचून राहिलेली आळंदीची चार भावंडं आहेत. थोरले निवृत्तीनाथ हे ज्ञानदेवांचे गुरूच. आणि ज्ञानदेव रुसून ताटी लावून बसले तेव्हा, परंपरा सांगते त्याप्रमाणे, त्यांची समजूत काढली ती सगळ्यांत धाकट्या मुक्ताईने. वडीलकी वयावरच अवलंबून असते असं नाही, याचं याहून जुनं उदाहरण मराठीत सापडणं कठीण.

थोरल्यांच्या या वडीलकीत पुढच्या कुरबुरींचं बीजही असतं. बहिणींची लग्नं लावून, धाकट्याची फी भरून मग स्वतःचं घर बांधायला घेणारा भाऊ धाकट्यांकडून कृतज्ञतेची अपेक्षा करतो. धाकट्यांच्या आठवणीत मात्र त्याची फी कमी आणि हुकूमत जास्त राहिलेली असते. दोघंही खरंच सांगत असतात.

डमरूची कंबर

विशीपासून पन्नाशीपर्यंतचा काळ समजून घ्यायला डमरू आठवावा. वरचं तोंड रुंद, मध्ये कंबर बारीक, खाली पुन्हा रुंद. भावंडांचा संपर्क वयाबरोबर असाच चालतो. लिन व्हाइट यांनी 2001 मध्ये अमेरिकेतल्या एका राष्ट्रीय पाहणीच्या आधारे दाखवलं की तारुण्यात भावंडांमधलं अंतर वाढतं, भेटी आणि एकमेकांना केलेली मदत घटते. मध्यमवयात ही घसरण थांबते, आणि साधारण सत्तरीनंतर देवाणघेवाण पुन्हा वाढायला लागते.

कंबर बारीक होण्यामागे नोकरी, बदली, लग्न, मुलं, कर्जाचे हप्ते ही कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यावर वेळ घालवत नाही. जास्त लक्ष द्यावं असं एक कारण सहसा दिसत नाही: या काळात भावंडांचं नातं थेट राहत नाही, ते आईमार्फत चालतं. 'दादाला बीपी निघालाय, तुला म्हणाला नसेल तो,' असं आई ताईला सांगते. 'ताईच्या पोराला मार्क कमी पडलेत, तू आपणहून विचारू नकोस हं,' असं दादाला. कौतुक तिखटमीठ लावून पोचवते, तक्रार स्वतःपाशी ठेवते. 'ती तुझी आठवण काढत होती,' हे वाक्य दोन्हीकडे सांगितलं जातं, आठवण काढलेली असो वा नसो. कॅनडातल्या कॅरोलिन रोझेन्थल यांनी 1985 मध्ये या कामाचा अभ्यास केला. नात्यांची ये-जा चालू ठेवणारं एक माणूस अनेक घरांत असतं, ते बहुधा बाई असते, आणि तिच्यानंतर हे काम बहुधा दुसऱ्या बाईकडेच जातं, असं त्यांना आढळलं.

याचा परिणाम गमतीचा आणि धोक्याचाही आहे. महिनोन्‌महिने एकमेकांशी धड बोललेले नसताना भावंडांना आपलं उत्तम चाललंय असं वाटत राहतं, कारण खबर मिळत असते. आई गेली की घर तुटलं असं लोक म्हणतात. पुष्कळदा तुटलेलं काही नसतं. मधला दुवा गेलेला असतो आणि थेट बोलायची सवय कुणालाच राहिलेली नसते. भावाने बहिणीला फोन लावला तरी दुसऱ्या मिनिटाला ती विचारते, 'काय रे, सगळं ठीक आहे ना?' फोन आला म्हणजे काहीतरी वाईटच असणार.

अठ्ठावीस जोड्या

भाऊ लग्नानंतर बदलला, याचं खापर आपल्याकडे वहिनीवर फुटतं. आधी जरा गणित करून पाहावं. जेम्स बोसार्ड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 1945 मध्ये दाखवून दिलं होतं की घरात माणसं एकेकाने वाढतात, पण त्यांच्यातली नाती फार वेगाने वाढतात. चार भावंडांमध्ये सहा जोड्या असतात. चौघांची लग्नं झाली की माणसं आठ होतात आणि जोड्या 28. यातल्या 22 जोड्या नव्या आहेत: नणंद-भावजय, जावा-जावा, साडू, मेहुणा, दाजी. यांच्यात बालपणाचा साठा नाही, चादरीतलं भांडण नाही, समेटाची सवय नाही. खिडकीच्या जागेवरून मारामारी करूनही संध्याकाळी एकत्र जेवायचा अनुभव फक्त जुन्या सहा जोड्यांपाशी आहे. बावीस नव्या जोड्यांपैकी एकदोन कुरकुरल्या तर त्यात आश्चर्य नाही. वहिनीचा दोष काढणं म्हणजे बेरजेचा राग एका आकड्यावर काढणं झालं.

माहेरची वाट आणि माहेरचा हिस्सा

बहीण-भावाचं नातं आपल्या समाजाने नशिबावर सोडलेलं नाही. भाऊबीज आहे, राखी आहे, भाच्याच्या लग्नात मामाचा मान आहे, गौरींना माहेरवाशीण आहे. इरावती कर्वे यांनी 1953 च्या ग्रंथात भारतातल्या नातेव्यवस्थेची प्रदेशवार मांडणी केली. उत्तरेकडे मुलगी लांब, अनोळखी घरी दिली जाते. दक्षिणेत नात्यातच लग्नं होतात. महाराष्ट्र या दोहोंच्या मध्ये आहे. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल इथल्या अनेक जातींत होती, म्हणजे बहीण-भावाचा धागा पुढच्या पिढीतही विणला जात होता. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांच्या गटाने गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत भाऊ हा बायकांच्या गाण्याचा फार मोठा विषय आहे. सासरी काही बिनसलं तर उभं राहायला जागा माहेरीच होती, आणि वडिलांनंतर ते माहेर म्हणजे भाऊ.

या मायेला एक हिशेबी बाजूही आहे, आणि ती बोलून दाखवणं वाईट दिसतं म्हणून कुणी बोलत नाही. अर्थतज्ज्ञ बीना अगरवाल यांनी 1994 च्या पुस्तकात ती मांडली: माहेरची वाट उघडी राहावी म्हणून बहिणी जमिनीवरचा हक्क सोडतात. भाऊ साडीचोळी करतो, संकटात धावून येतो; बहीण सही करते. ती सही म्हणजे हक्कसोडपत्र. दुय्यम निबंधक कार्यालयात बाकावर बसलेल्या बहिणी आणि पुढे-मागे करणारा भाऊ हे दृश्य कुठल्याही तालुक्याच्या गावी बघायला मिळतं. आत नाव पुकारलं की कॅमेऱ्यासमोर बसायचं, यंत्रावर अंगठा ठेवायचा, साक्षीदारांनी ओळख पटवायची. बाहेर आल्यावर भाऊ सगळ्यांना चहा पाजतो आणि कुणीच फार बोलत नाही.

कायद्याने दरम्यान जागा बदलली. महाराष्ट्राने 1994 मध्ये, पण तोवर लग्न न झालेल्या मुलींपुरता, बदल केला. 9 सप्टेंबर 2005 पासून देशभर हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी मुलाइतकीच जन्मतः हक्कदार झाली. वडील 2005 च्या आधीच गेले असतील तर काय, हा घोळ पुढे पंधरा वर्षं चालला. 11 ऑगस्ट 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात सांगितलं की हक्क जन्माने मिळतो, त्या तारखेला वडील हयात असण्याची अट नाही. गोव्यात तर पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यामुळे मुलगा-मुलगी आधीपासून समान वारस आहेत.

म्हणून आज पन्नाशीत असलेली बहीण-भाऊ ही एका विचित्र सांध्यावरची पिढी आहे. आईने मामाला जमीन सोडली तेव्हा तो रिवाज होता. लेकीने तीच सही केली तर तो निर्णय ठरतो, आणि नाही केली तर भावाला ती फितुरी वाटते. माझं मत विचाराल तर हिस्सा मागणारी बहीण नातं तोडत नाही. तिने तो न मागण्यावरच जे नातं टिकून होतं, त्याची किंमत इतकी वर्षं तिने एकटीने भरली होती.

चौकट: हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी

वारस नोंद आणि हक्कसोड या वेगळ्या गोष्टी आहेत. वारस नोंदीने सातबाऱ्यावर नाव लागतं. हक्कसोडपत्राने हिस्सा जातो. कोणत्या कागदावर सही करतोय ते आधी वाचून घ्यावं.

घर-जमिनीचं हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं. तोंडी किंवा साध्या कागदावर सोडलेला हक्क पुढे वादात सापडतो.

कुणाच्या लाभात हक्क सोडला, त्या सहहिस्सेदाराचं नाव स्पष्ट असावं.

नोंदणी झाल्यावर मन बदललं म्हणून ते रद्द होत नाही. दबाव किंवा फसवणूक झाली असेल तर ती कोर्टात सिद्ध करावी लागते.

रात्री कोण थांबणार

जमिनीआधी बहुधा दुसरी वाटणी येते, आजारपणाची. आई दवाखान्यात असते. बाहेरगावचा भाऊ सुकामेवा घेऊन येतो, डॉक्टरांना तीन प्रश्न विचारतो, 'सेकंड ओपिनियन घेतलं का?' म्हणतो आणि रविवारी रात्रीच्या गाडीने परततो. गावातली बहीण तीन आठवडे डबा, औषधांच्या वेळा आणि रात्रीचं जागरण करत असते. आई मात्र प्रत्येक भेटायला येणाऱ्याला सांगते, 'एवढ्या लांबून आला हो पोरगा!' बहिणीच्या मनात त्या क्षणी जे येतं ते पंचेचाळीस वर्षांच्या बाईचं नसतं. ते खिडकीची जागा न मिळालेल्या सात वर्षांच्या मुलीचं असतं.

जिल सुटर आणि कार्ल पिलेमर यांनी बोस्टन परिसरातल्या पाचशेहून अधिक वृद्ध आयांना आणि त्यांच्या प्रौढ मुलांना याबद्दल विचारलं. आयांपैकी बहुतेकींनी कुणाचा आधार जास्त वाटतो, आजारात कोण हवं, याचं उत्तर एकाच मुलाचं किंवा मुलीचं नाव घेऊन दिलं. मुलांनाही आई कुणाला झुकतं माप देते हे विचारलं, आणि त्यांचा अंदाज वारंवार चुकला. तरीही भावंडांमधला ताण जोडलेला होता तो मुलांच्या या समजुतीशी. आई कुणाकडे झुकते यापेक्षा ती झुकते असं वाटणं जास्त महाग पडतं.

या समजुती ज्या आठवणींवर उभ्या असतात, त्याही भरवशाच्या नाहीत. मर्सिडीज शीन, सायमन केम्प आणि डेव्हिड रुबिन यांनी 2001 मध्ये जुळ्या भावंडांवर एक मजेदार अभ्यास प्रसिद्ध केला. सायकलवरून कोण पडलं होतं? दोघंही म्हणतात, मी! एकच प्रसंग, आणि दोघांनाही तो आपल्याच बाबतीत घडल्याचं स्वच्छ आठवतं. पुढच्या अभ्यासात असं दिसलं की आपली बाजू उजळणाऱ्या अशा वादग्रस्त आठवणी माणूस स्वतःकडे ओढतो आणि न शोभणाऱ्या दुसऱ्याच्या नावावर टाकतो. 'बाबांच्या ऑपरेशनला पैसे मी दिले होते' या वाक्यावर दोन भाऊ हमरीतुमरीवर येतात तेव्हा त्यांतला एक खोटारडा असलाच पाहिजे असं नाही. त्या वेळचं पासबुक काढून बघावं आणि न सापडल्यास विषय सोडावा.

सत्तरीनंतर

डमरूची खालची बाजू रुंदावते याची कारणं भावुक कमी आणि व्यावहारिक जास्त आहेत. निवृत्तीने वेळ मिळतो. मुलं दूर गेलेली असतात. कुणाचं प्रमोशन, कुणाचा फ्लॅट मोठा, या तुलनेतलं वारं निघून गेलेलं असतं, आणि गुडघे सगळ्यांचेच दुखतात. आईवडील गेल्यावर बालपणीच्या घराचा नकाशा, शेजारच्या काकूंचं नाव, त्या वर्षीचा पूर, हे पडताळून पाहायला जगात एकच माणूस उरलेलं असतं. त्याच्या आठवणी तुमच्याशी जुळत नसल्या तरी विषय दोघांचा असतो.

सगळ्यांचंच असं होतं असं समजू नका. डेबोरा गोल्ड यांनी 1989 मध्ये वृद्ध भावंडांचे पाच प्रकार सांगितले: जिवाभावाची, स्नेहाची, जवळीक बेताची असली तरी कर्तव्याला चुकत नाहीत अशी, अलिप्त, आणि वैर धरलेली. व्हिक्टर सिसिरेली यांना त्याच वर्षी असं आढळलं की म्हातारपणी बहिणीशी जवळीक असलेल्यांमध्ये, मग ते पुरुष असोत वा स्त्रिया, उदासी कमी असते. हार्वर्डच्या दीर्घ अभ्यासातल्या 229 पुरुषांच्या माहितीवरून 2007 मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष आणखी मागे नेतो: विशीच्या आत ज्यांचं भावंडांशी नातं वाईट होतं, त्यांच्यात पन्नाशीपर्यंत गंभीर नैराश्य आढळण्याचं प्रमाण जास्त होतं. एकामुळे दुसरं झालं असं यावरून ठामपणे म्हणता येत नाही, पण दोन्ही सोबत दिसतात हे खरं.

एकच जोडी

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 1992-93 मध्ये महाराष्ट्रात एका स्त्रीला सरासरी 2.9 मुलं होत होती. 2019-21 मध्ये हा आकडा 1.7 वर आला. बोसार्डच्या गणितात पाच भावंडांत दहा जोड्या होत्या. त्यांतल्या दोन बिनसल्या तरी आठ उरत आणि त्यांतलं कुणीतरी मध्यस्थी करी. आता दोन मुलांच्या घरात जोडी एकच आहे. ती बिनसली तर समजूत काढायला तिसरं भावंड नाही.

आणि ती बिनसू न देण्यातला एक भाग आजच्या सत्तरीतल्यांच्या हातात आहे, कारण डमरूच्या कंबरेत अडकलेली भावंडं आता त्यांची मुलं आहेत. मृत्युपत्राला स्टँप ड्यूटी लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. तुमची सही आणि तुमच्यासमोर सही करणारे दोन साक्षीदार एवढं पुरतं. जे तुमच्या हिश्श्याचं आहे ते कुणाला किती, हे तुम्ही ठरवू शकता. गोव्यात असाल तर निम्म्या संपत्तीवरचा मुलांचा हक्क काढून घेता येत नाही, एवढं ध्यानात ठेवा. समान द्या किंवा कमी-जास्त द्या. पण कमी-जास्त देणार असाल तर का, हे कपाटातल्या बंद पाकिटावर सोडू नका. या दिवाळीत दोन्ही मुलं घरी असतील तेव्हा दोघांना समोर बसवून सांगा. सुनेला आणि जावयालाही बसू द्या.